मासा लागल्यावर थांबायचं नाही

कुइक्का बेटावरच्या तावेत्ती कुओस्मानेनची बायको साइमी वल्ह्यावर बसली की होडी पाण्यावर चालली आहे हे बदकांनासुद्धा कळायचं नाही, असं आमच्या तळ्यावरचे म्हातारे अजून सांगतात. तावेत्ती जिवंत असताना मात्र यातला एकही म्हातारा हे बोलला नव्हता. तेव्हा बोलणं असायचं ते तावेत्तीच्या माशांचं. कारण ओढगळीचा धंदाच तसा आहे. एकजण वल्हवतो, दुसरा मागच्या फळीवर दोरी हातात धरून बसतो, आणि लांब मागे पाण्याखाली पितळेची पत्री गळासकट थरथरत येत राहते. वल्हं मंदावलं की पत्री चिखलात रुतते, घाई केली की वर येते. हाउकी मासा पत्रीला भुलतो तो वल्हवणाऱ्याच्या हातामुळे. पण रविवारी चर्चच्या पायरीवर छाती काढून उभा राहतो तो मागे बसलेला.

या धंद्यात एकच नियम आहे. मासा लागला की वल्हवणाऱ्यानं थांबायचं नाही. दोरी क्षणभर जरी सैल पडली तरी हाउकी डोकं झटकून गळ थुंकून टाकतो. आमच्याकडचा प्रत्येक पुरुष लग्नानंतरच्या पहिल्या शरदात हे बायकोला शिकवतो. कुणी ओरडून शिकवतो, कुणी दोन दिवस अबोला धरून. तावेत्तीनं भूर्जाच्या दांडक्यानं शिकवलं.

साइमी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. लाकडं वाहून नेणाऱ्या मजुराची पोर, भावंडांत थोरली, हसरी. पहिला मासा लागला तशी ती आनंदानं ओरडली आणि बघायला म्हणून वल्ही सोडून उठली. मासा गेला. तावेत्तीनं तिला हात आडव्या फळीवर ठेवायला सांगितला, आणि मासे मारायचं दांडकं तिच्या दोन बोटांवर हाणलं.

"आता लक्षात राहील," तो म्हणाला.

बोटं वाकडीच जुळली. पुढे तो पाहुण्यांना ती दाखवून हसायचा, "बघा, वल्ह्याच्या मुठीला कशी मापात बसलीत! माझीच कारागिरी."

पाहुणेही हसायचे. न हसणारा माणूस तावेत्तीच्या घरी दुसऱ्यांदा जात नसे.

तरी उन्हाळा निभायचा. उन्हाळ्यात बेटाच्या आसपास होड्या असतात, ओंडक्यांचे तराफे जातात, आणि पाण्यावरून आवाज लांब पोचतो. तावेत्तीला हे पक्कं ठाऊक होतं. उन्हाळाभर तो राग गिळून ठेवायचा. कॉफी पातळ झाली, गाय आटली, चर्चमध्ये साइमी कुणाशी दोन शब्द जास्त बोलली, सगळं मनात साठवून ठेवायचा. मग शरद संपत आला की तळं गोठायला लागतं, आणि वाटमोडीचे दिवस येतात. त्या दिवसांत बर्फ होडी जाऊ देत नाही आणि माणसाचं वजनही पेलत नाही. किनाऱ्यावरच्या लोकांना वाटमोड म्हणजे नुसता वैताग. बेटावर ती वेगळी असते. कित्येक आठवडे कुणी येत नाही, कुणी जात नाही, आणि कुणाला काही ऐकू जात नाही.

पाणी धरलं, म्हणजे गोठलं, की पहिल्या संध्याकाळी तावेत्ती खिडकीपाशी उभा राहून म्हणायचा, "चला, आता आपण दोघंच."

एका वाटमोडीत साइमीच्या पोटातलं मूल गेलं. तिनं ते एकटीनंच गोठ्यामागे पुरलं, जमीन कडक व्हायच्या आत. या गोष्टीच्या आदल्या वाटमोडीत तिचा डावा कान गेला. वसंतात ती डोक्याला घट्ट रुमाल बांधून चर्चला आली आणि बर्फावर घसरून पडले म्हणाली. गावाला कळत नव्हतं असं नाही. गाव विचारत नव्हतं.

फक्त हिल्तानं तोंड उघडलं. बेटासमोरच्या मुख्य किनाऱ्यावर धूर देऊन मासे टिकवणारी ही विधवा, जीभ सुरीसारखी. चर्चच्या आवारात साइमीकडे न बघता, घोड्याला चारा घालता घालता ती म्हणाली, "माझ्या घराचं दार आतून लागतं. आणि कुऱ्हाड दाराशीच असते. सहज सांगितलं."

साइमीनं ते सहज ऐकलं आणि उन्हाळाभर उशाशी घेऊन झोपली.

पण बेटावरून निघायचं कसं? होडी एकच. तिच्या तळाला पाणी काढायचं भोक, आणि त्या भोकाचं लाकडी बूच तावेत्तीच्या खिशात. वल्ही रात्री त्याच्या पलंगाखाली. दुकानात तो एकटा जाई. साइमी होडीत पाय ठेवायची ती चर्चला किंवा ओढगळीला, आणि दोन्ही वेळा समोर तावेत्ती बसलेला. शेवटी तिला एकच वाट दिसली. शरदाच्या अखेरीस मोठे हाउकी हिल्ताच्या धक्क्याजवळच्या लव्हाळ्याच्या कडेला येतात. तिथे होडी किनाऱ्यापासून दगड फेकायच्या अंतरावरून जाते. एकदा का तिथे पोचली, की होडी लव्हाळ्यात घुसवायची आणि धावत सुटायचं. अंगावरच्या कपड्यांनिशी.

म्हणून शरदाच्या अखेरीस ओढगळीला निघायच्या दिवशी तिनं सगळं दोनदा घातलं. दोन घागरे, दोन अंगरखे, दोन जोड मोजे. आईची चांदीची पिन आतल्या मोज्यात खोचली. गाईपुढे चाऱ्याची दुप्पट रास टाकली आणि तिच्या कपाळाला कपाळ लावून थोडा वेळ उभी राहिली.

काठाशी पाण्यावर बर्फाची साय धरली होती. होडी ढकलताना ती काचेसारखी कडकड मोडली. तावेत्तीनं बूच आधीच भोकात ठोकलं होतं; आता त्यानं कोटाच्या आतल्या बाटलीतून एक घोट घेतला आणि मागच्या फळीवर बसला.

"आज शेवटची फेरी. रात्री धरेल," आभाळाकडे बघत तो म्हणाला. मग त्याची नजर तिच्यावर आली. "काय गं, जाडी झालीस की काय?"

"थंडी आहे."

"दरवर्षी असते." त्यानं पुढे वाकून तिच्या घागऱ्याची कड बोटांत चिमटून पाहिली. "दोन?"

"एक फाटलाय. फाटक्यातून वारा शिरतो."

"म्हातारी व्हायला लागलीस," तो हसला. "चल, वल्हव."

ती वल्हवू लागली. दोरीचं शेवटचं टोक आडव्या फळीला बांधलेलं होतं. तावेत्तीनं दोरी पाण्यात सोडली आणि डाव्या मनगटाभोवती तिचे दोन वेढे घेतले. असं करू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि शरदाच्या शेवटी सगळेच करतात. बोटं बधिर झाली की पत्रीची थरथर कळत नाही, मनगटाला कळते.

बेटाच्या टोकापाशी एक लहान हाउकी लागला. साइमी थांबली नाही. तावेत्तीनं त्याला आत ओढला, गुडघ्याखाली दाबला आणि दांडकं हाणलं. पहिल्याच घावात मासा मेला होता. तरी तो हाणत राहिला, डोकं चेपून दात फळीत रुतेपर्यंत. रक्त तळाच्या फळ्यांवर पसरलं आणि तिथेच थिजायला लागलं. साइमीचे बूट त्यात होते. तिनं पाय हलवले नाहीत.

मग वारा फिरला. तावेत्तीनं नाक वर करून हुंगलं.

"बस झालं. मागे फीर."

हिल्ताचा धक्का अजून दूर होता, चिमणीतून निघणारा धूर तेवढा मान वळवली की दिसत होता. मागे फिरायचं म्हणजे घर, आणि रात्री पाणी धरणार.

"लव्हाळ्याकडे मोठा उडाला आता," ती म्हणाली. आपल्याच आवाजाची तिला भीती वाटली. "पाठ दिसली. एवढी रुंद."

"तुझी पाठ तिकडे. तुला कशी दिसली?"

"मान वळवली तेव्हा. नको असेल तर राहू दे. अनानियासची होडी धक्क्याशी दिसतेय, तो धरेल."

हे मात्र लागू पडलं. अनानियास हा किनाऱ्यावरचा म्हातारा कोळी, आणि मागच्या वर्षीचा सगळ्यात मोठा हाउकी त्याचा होता. तावेत्ती थुंकला.

"त्या थेरड्याला? वल्हव तिकडे. आणि मान वळवायची नाही. मला दिसतंय पुढचं."

ती वल्हवत राहिली. पण मान वळायची ती वळलीच. एकदा, मग पुन्हा एकदा. आता धक्क्यावरची माणसं दिसत होती, हिल्ता आणि अनानियास, हिल्ताची होडी हिवाळ्यासाठी वर ओढत असलेली. तिसऱ्यांदा मान वळवून साइमी पुढे बघते तर तावेत्ती तिच्याकडे बघत होता. दोरीकडे नाही, तिच्याकडे. मग घागऱ्याकडे. मग मोज्यांकडे.

"दोन घागरे," तो हळूच म्हणाला. "मोजेही दोन जोड. हं."

वल्ही चालू होती.

"अस्सं. म्हणजे हिल्ताकडे पाहुणी निघालीय आमची महाराणी." त्यानं उजव्या हातानं दांडकं उचललं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मनासारखं काही मिळाल्यासारखा तो दिसत होता. तोच चेहरा तिनं खिडकीपाशी दर वाटमोडीला पाहिला होता. "आज रात्री धरू दे पाणी. मग दुसरा कान. मग गुडघे. बघू वसंतात कशी धावतेस ते."

तो उठून उभा राहिला. आणि त्याच क्षणी डाव्या मनगटाला हिसका बसला.

होडीच जागच्या जागी अडल्यासारखी झाली. दूर मागे पाणी फुगलं आणि त्यातून एक हिरवी पाठ वळली. खरोखर तेवढी रुंद. साइमीनं थाप मारली होती आणि मासा खरा निघाला होता.

तावेत्ती सगळं विसरला. बायको, घागरे, हिल्ता, सगळं. "वल्हव!" तो किंचाळला. "थांबलीस तर जीव घेईन! वल्हव!"

ती वल्हवू लागली. तो उभ्यानंच दोरी ओढत होता, ओढून मनगटावर गुंडाळत होता, दांडकं काखेत. मासा खाली बसे, पुन्हा उसळे, दोरी मनगटात रुतून कातडी फाटली आणि रक्त बाहीत उतरलं, तरी त्याला भान नव्हतं. शेवटी मासा होडीच्या मागे आला, डोकं वर, जबडा उघडा, ओंडक्याएवढा. तावेत्तीनं दांडकं हातात घेतलं, पण होडीचा वेग त्याला कमी वाटला. तो गर्रकन वळला आणि त्यानं दांडकं साइमीच्या गुडघ्यावर हाणलं.

"थांबू नको म्हटलं ना, सटवे! ओढ!"

तिनं ओढलं. दोन्ही पाय फळीला रोवून, पाठ मोडेपर्यंत, पोटातलं मूल गेलं तेव्हा ओरडली होती तशी ओरडून तिनं वल्ही ओढली. होडी पुढे उसळली. तिच्याकडे तोंड करून उभा असलेल्या तावेत्तीचे बूट थिजलेल्या रक्तावरून सरकले, आणि तो मागच्या फळीवरून उताणा पाण्यात गेला. दांडकं होडीतच पडलं. मासा खाली मुसंडी मारून गेला, आणि दोरी, फळीला बांधलेली, तावेत्तीच्या मनगटाला गुंडाळलेली, सपकन ताठ झाली.

तो वर आला. टोपी गेली होती, तोंड पांढरं पडलं होतं. त्या पाण्यात माणसाला श्वासच घेता येत नाही. पहिल्यांदा त्याच्या तोंडून नुसती हवा आली. मग शब्द आले.

"थांब! साइमी, थांब!"

तिचे हात चालू होते.

"थांबव! अगं, थांबव!"

ती थांबू शकली असती का? शकली असती. उगाच साखरेत घोळवून सांगण्यात अर्थ नाही. वल्ही तिच्या हातात होती, आणि हात तिचे होते. पण त्या हातांच्या दोन वाकड्या बोटांत एकच गोष्ट कोरलेली होती, ती कोरणारा समोर पाण्यात होता, आणि दोरीच्या टोकाला मासा होता. शिवाय तिला जायचं होतं. मान वळवायला आता कुणी बंदी करत नव्हतं. धक्का समोर होता आणि तिनं होडी सरळ त्याच्यावर धरली.

तावेत्ती दोरीला धरून हातावर हात टाकत पुढे आला. दांडगा माणूस, भिजलेला कोट, पाण्यानं भरलेले बूट, मागून मासा ओढतोय, तरी आला. त्याची बोटं मागच्या फळीवर दिसली. आधी चार, मग आठ. नखं निळी. मग त्याचे डोळे. तो आता शिव्या देत नव्हता.

"ऐक ना," तो म्हणाला. "वाटमोडीत हात लावणार नाही. देवाशपथ."

दांडकं तिच्या पायाशी होतं. तिनं ते उचललं नाही. हिल्तालाही तिनं पुढे हेच सांगितलं, आणि हिल्तानं ते मानलं. तिनं त्याच्या बोटांना स्पर्श केला नाही. फक्त एक वल्हं जास्त जोरानं मारलं, मग आणखी एक. ओल्या फळीवर बर्फ धरायला लागला होता. बोटं एकेक करून सुटली. दोरी पुन्हा लांब झाली, आणि त्यानंतर होडीमागून फक्त वल्ह्यांचा आवाज येत राहिला.

धक्क्यावर अनानियासनं दोरी हातात घेतली. त्यानं आणि हिल्तानं मिळून तावेत्तीला वर ओढला. त्याला पालथा घातला, पाठ चोळली, छाती दाबली. पाणी आलं, जीव आला नाही. मनगटावरची दोरी कापायला अनानियासनं सुरी काढली, आणि थबकला. मनगटापलीकडची दोरी अजून ताठ होती, आणि हलत होती.

"अजून आहे," तो कुजबुजला. "आईच्यान्, अजून लागलेला आहे."

ओढला. हाउकी धक्क्यावर येऊन आपटला, जिवंत, शेपटीनं फळ्या बडवत. तावेत्तीच्या शेजारी ठेवला तर त्याच्या खांद्यापर्यंत आला. साइमी होडीतून लंगडत उतरली, दांडकं घेऊन. तिनं माशाच्या डोळ्यांमागची जागा पाहिली आणि एकच घाव घातला. मासा निश्चल झाला. तिनं दुसरा घाव घातला नाही.

पोलीस वाइनिओ मोटारबोटीनं आला तेव्हा काठाची साय जाड होऊ लागली होती. तरुण माणूस, टोपी नवीन. साइमी हिल्ताच्या शेगडीपाशी बसली होती, समोर कॉफी. गावातले चार कोळी दाराशी उभे होते.

"घरधनीण," तो म्हणाला, "तुमचा नवरा पाण्यात पडलेला तुम्हाला दिसला?"

"दिसला."

"त्यानं थांब म्हणून हाक मारली?"

"मारली."

"मग तुम्ही थांबला का नाही?"

साइमीनं कप खाली ठेवला. वाकड्या बोटांचा हात मांडीवर ठेवला.

"मासा लागला होता," ती म्हणाली. "मासा लागल्यावर थांबायचं नसतं."

वाइनिओनं दाराकडे पाहिलं. दाराशी उभ्या असलेल्या प्रत्येकानं आपापल्या बायकोला हेच वाक्य कधी ना कधी बजावलेलं होतं. वाइनिओची बायकोही दर रविवारी त्याच्यासाठी वल्हवायची, आणि तोही काही गप्प बसणारा नव्हता.

"बरोबर आहे," शेवटी अनानियास घसा खाकरून म्हणाला. "थांबायचं नसतं. तसंच आहे ते."

"तसंच आहे," बाकीच्यांनी मान हलवली. दुसरं म्हणणार काय?

वाइनिओची नजर शेगडीजवळ वाळत घातलेल्या कपड्यांकडे गेली. तो दोन घागऱ्यांकडे जरा जास्त वेळ बघत राहिला.

"काय बघताय?" हिल्ता म्हणाली. "थंडीच तशी होती."

त्यानं टोपी घातली आणि पाणी धरायच्या आत निघाला.

रात्रीत तळं गोठलं. सकाळी अनानियास आणि त्याचा भाऊ फळ्या टाकत, पोटावर सरपटत बेटावर गेले आणि गाय तिथे आहे, चाऱ्यावर आहे, हे पाहून आले. साइमी वाटमोडभर हिल्ताकडे राहिली, आणि नंतरही. दार आतून लागत होतं. पहिले काही दिवस ती संध्याकाळी उठून कडी तपासायची, मग विसरायला लागली.

पुढच्या शरदात आमच्या तळ्यावर एक गंमत झाली. मागच्या फळीवर बसणारे बाप्ये अचानक गोड बोलायला लागले. मनगटाला दोरी गुंडाळणं बंद झालं. एकानं तर म्हणे होडी ढकलता ढकलता बायकोला सांगितलं, "हे बघ, मासा लागला, आणि तुला थांबावंसं वाटलं, तर थांबत जा हो." ती बाई हसून हसून वल्ही सोडून बसली.

साइमी आणि हिल्ताही गेल्या एकदा ओढगळीला, पाणी धरायच्या आदल्या दिवशी. हिल्ता वल्ह्यावर, साइमी मागे, आयुष्यात पहिल्यांदा दोरी हातात धरून. लव्हाळ्याच्या कडेला हिसका बसला. चांगलाच मोठा होता. हिल्तानं उत्साहात वल्ही सोडली आणि बघायला उठली, आणि मग एकदम लक्षात येऊन चपापली.

"अगं, थांबले की मी!"

साइमीच्या हातातली दोरी सैल पडली. तिनं सैल दोरीकडे पाहिलं, मग हिल्ताकडे.

"थांबलीस तर थांबलीस," ती म्हणाली. "गेला तर गेला."

आणि मासा गेला. हिल्ता घरी पोचेपर्यंत शिव्या देत होती, आणि साइमी दोरी गुंडाळत होती, फळीवर, हातावर नाही.